उजव्या बाजूचा ऊस

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा मूर्खपणा पाऊण एकराचा आहे. तो मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, हातात वायरलेस सेट आणि डोळ्यांवर काळा गॉगल लावून केला. आठ माणसं घेऊन निघालेलं विमान ज्या उसात कोसळलं, त्या उसाचा एक अख्खा पट्टा मी टोळी लावून तोडून काढला. का, तर दुसऱ्या दिवशी मंत्री पाहणीला येणार होते आणि साहेबांच्या गाड्यांना थेट विमानापर्यंत वाट हवी होती. असा हुकूम मला कुणीही दिला नव्हता. अक्कल सगळी माझीच.

त्या दिवशीचा एक फोटो घरात आहे. पाठीमागं विमानाची शेपटी आणि पुढं मी, हनुवटी वर करून. नात तो बघते आणि म्हणते, "आज्जी, तूच पाडलंस का गं ते?"

पाडलं नाही बाळ, पण आज तो फोटो बघितला की मलाही तसंच वाटतं.

तेव्हा मी कोल्हापूर ते कागल या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते, हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. बाई असून ठाणं सांभाळते, याचा मला एवढा गर्व होता की चालताना बुटांचा आवाज मुद्दाम काढायची. फेब्रुवारीची सकाळ होती. हजेरी नुकतीच संपली होती आणि मी अंमलदारांना काहीतरी सुनावत होते. टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडत होता की मला उभ्या जागी ऐकू आलं.

"सायब, इमान पडलंय आमच्या उसात!"

ठाणे अंमलदारानं पेन उचलून शांतपणे विचारलं, "खेळण्यातलं का?"

खेळण्यातलं नव्हतं. दोन इंजिनांचं, एका खासगी कंपनीचं, भाड्यानं चालणारं छोटं प्रवासी विमान. दोन वैमानिक आणि सहा प्रवासी. कोल्हापूरच्या धावपट्टीवरून उडून चार-पाच मिनिटं झाली असतील. आम्ही पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी जखमींना पाटाच्या कडेनं बाहेर काढलंही होतं, कुणाला घोंगड्यावर, कुणाला गोठ्याच्या दाराच्या फळीवर. तिघं जिवंत होते. कॅप्टन आणि चार प्रवासी जागीच गेले. उसात रॉकेलसारखा उग्र वास कोंडला होता. आग कशी लागली नाही, देव जाणे. एका प्रवाशाच्या मांडीवर काकवीचा डबा होता. तो माणूस गेला होता, पण डब्याचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं. मी पाच प्रेतांचे पंचनामे केले, पण आजही आधी आठवतो तो डबा.

दुपारपर्यंत प्रेतं सरकारी दवाखान्यात गेली आणि मला मंत्र्यांच्या दौऱ्याचा निरोप आला. विमान उसात चांगलं दोनशे पावलं आत होतं. मी शेजारच्या फडातली ऊसतोड टोळी बोलावली आणि विमानाच्या उजव्या अंगाचा पट्टा दाखवून सांगितलं, "एवढं साफ करा."

ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार माझ्या मागं उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाई, ऊस ऱ्हाऊ दे की. दिल्लीची मानसं येत्यात म्हणं तपासाला. त्येनी बघूस्तोवर कशाला हात लावायचा?"

मी गॉगल काढायचे कष्टही घेतले नाहीत. "हवालदार, मी विमानाला हात लावत नाहीये. ऊस आहे तो, ऊस!"

"व्हय की," ते म्हणाले आणि गप्प झाले. बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस 'व्हय की' म्हणून गप्प होतो तेव्हा वरिष्ठानं थांबून विचार करावा. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगणारा माणूस एवढंच म्हणाला, "त्या विमानाच्या डाव्या इंजिनावर काल काम चाललं होतं. मेकॅनिक काम अर्धवट टाकून भाचीच्या हळदीला गेला. रजिस्टर बघा." आणि फोन ठेवला.

मी रजिस्टर ताब्यात घेतलं. कॅप्टननीच गेल्या आठवड्यात दोनदा लिहिलं होतं, 'डाव्या इंजिनाला थरथर.' त्याखाली मेकॅनिकची नोंद, 'डावे इंजिन उघडून तपासले, दोष नाही, बंद केले.' वेळ सायंकाळी सहा, आणि सही. मग मी हळदीच्या व्हिडिओवाल्याला शोधलं. चित्रीकरणात साडेपाचला हा मेकॅनिक गालाला हळद लावून मांडवात उभा. सहाला सही करणारा माणूस साडेपाचला मांडवात कसा? मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

दवाखान्यात सहवैमानिक शुद्धीवर होता. तरुण पोरगा, पाय वजनाला टांगलेला. त्याचा जबाबही जुळला. "डावं इंजिन गेलं. कॅप्टननी ते बंद केलं. उजव्यावर परत फिरत होतो, पण उंची राहिली नाही."

झालं की! गुन्हा, आरोपी, साक्षीदार, कागद. एका दिवसात.

निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे तेव्हाचं कलम ३०४-अ. ते जामिनाचं. आरोपी संध्याकाळी घरी जाणार, म्हणजे माझी शान काय राहणार? म्हणून मी एक पायरी वर चढून सदोष मनुष्यवध लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता मंगल कार्यालयात जीप घातली.

मेकॅनिक चाळिशीचा, काटक माणूस. भाचीचा एकुलता एक मामा. आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. आदल्या दिवशी पाच माणसं मेलेली असताना हा फेटा बांधून उभा, हे बघून माझं डोकंच फिरलं. त्याच्या जागी दुसरं कोण उभं राहणार होतं, हा प्रश्न मला पडला नाही. अक्षता पडेपर्यंत मी दाराशी थांबले, आणि तेवढ्या मेहेरबानीचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं. जीपमध्ये बसवला तेव्हा त्याच्या केसांत तांदळाचे दाणे होते. नवरी दारापर्यंत धावत आली. "मामा, जेवला न्हाईस तू," एवढंच ती म्हणाली.

तीन दिवसांची कोठडी मिळाली. चौकशी मी स्वतः केली.

"साडेपाचला हळदीत होतास. मग सहाची सही कुणी केली?"

"मीच, मॅडम. काम चारला संपलंतं. ड्युटी सहाला सुटते म्हणून समदी सहाच लिवत्यात."

"म्हणजे खोटी नोंद."

"व्हय मॅडम. नोंद खोटी. काम खरं."

"डाव्या इंजिनात काय सोडलंस उघडं? काय कसायचं राहिलं?"

"डाव्याला काय झालं न्हवतं, मॅडम."

"मग विमान पडलं कसं?"

"डाव्याला काय झालं न्हवतं."

तीन दिवस हेच. पढवल्यासारखं एकच वाक्य. मी उभं ठेवलं, झोपू दिलं नाही, डाव्या इंजिनाचा एकेक नट विचारला. आरोपीवर मी हात उचलला नाही, असं नातीला सांगायला मला आवडलं असतं. एकदा उचलला. तो फक्त गालावर जिथं हळद लागली होती तिथं हात ठेवून बसला.

आणि सहाची सही! ती मला मोठा पुरावा वाटत होती. आमच्या स्टेशन डायरीत रोजच्या गस्ती ठरल्या वेळी सुटून ठरल्या वेळीच परत येत होत्या, पाऊस असो की जीप बंद असो. त्याखाली सही माझी. पण आपली सही ती आपली, लोकांची ती आरोपीची.

तिसऱ्या दिवशी दिल्लीचं तपास पथक आलं. त्यात एक म्हातारे इंजिनिअर होते, ढगळ शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. मी कडक सॅल्यूट ठोकला. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. विमानाभोवती दोन चकरा मारल्या, डाव्या इंजिनाच्या पंख्याजवळ उकिडवं बसले, डावीकडचा ऊस हातानं चाचपला. मग उजवीकडं आले आणि माझ्या साफसूफ केलेल्या पट्ट्यात उभे राहिले.

"मॅडम, इधर का गन्ना किधर गया?"

"कटवा दिया, सर. व्हीआयपी मूव्हमेंट."

ते गृहस्थ बांधावर बसले आणि त्यांनी डोकं हातात धरलं. मी अजून हसतमुखच होते, तेही सांगून टाकते.

मग त्यांनी मला हिंदीत समजावलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. हे विमान एका इंजिनावर उडू शकतं. डावीकडच्या पंख्याची पाती वाऱ्याला कड करून वळलेली आहेत, म्हणजे ते इंजिन वैमानिकानं ठरवून बंद केलं. इथपर्यंत जबाब बरोबर. पण उजवं चालू होतं म्हणता ना? पंखा जोरात फिरत जमिनीला आला, तर पीक तिरपं कापत येतो. कडबाकुट्टीतून निघावेत तसे उसाचे तुकडे पडायला हवेत. बंद पंखा पीक कापत नाही, नुसतं मोडतो. उजवं इंजिन खरंच चालू होतं का, हे सांगणारा सगळ्यात सरळ साक्षीदार इथं उभा होता. इंजिन दिल्लीला नेऊन उघडतील, पण त्याला महिने लागतील.

"और आपका आदमी तब तक अंदर रहेगा," ते म्हणाले.

हवालदारांकडं बघायची हिंमत झाली नाही. तेच म्हणाले, "टोळी हाय की अजून, बाई. वढ्याच्या अंगाला खोपी हाईत त्येंच्या."

टोळी शाहूवाडीकडची. भाताची सुगी झाली की ही माणसं कोयते घेऊन खाली ऊसपट्ट्यात उतरतात. खोपीपुढं पन्नाशीची एक बाई चूल पेटवत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

"मावशी, विमानाजवळचा ऊस तू तोडलास ना?"

"मीच की. का? त्येची बी केस केलासा काय माझ्यावर?"

"केस नाही गं. तोडायच्या आधी ऊस कसा होता? कापलेला होता का?"

"कापल्याला आसता तर मला कशाला बलिवला आसता?" टोळीतल्या बायका हसल्या. "लोळल्याला हुता बाई. कंबरंत मोडून भुईला निजल्याला. उभा ऊस सपासप तुटतोय. लोळल्याला म्हंजी एकेक टिपरू वढून काढाय लागतंय. दिसभर तुमास्नी शिव्या घाटल्या मी, सांगतो खरं."

"घाल, अजून घाल. पण नीट आठव. एखादं तिरपं कापलेलं कांडं? छोटे तुकडे?"

तिनं हातातली काटकी चुलीत सारली. "कापल्यालं कांडं मला ठावं न्हाई व्हय? समदी हयात त्येच्यात गेली. न्हवतं. एक बी न्हवतं."

"आणि मोळ्या? कारखान्याला गेल्या?"

"कोन घेतंय? गाडी परत लावली की कारखान्यानं. घासलेटाचा वास मारतोय म्हनाले. पडल्यात बांधाला."

ज्या वासानं दोन दिवस माझं डोकं उठवलं होतं, त्या वासानं माझी लाज राखली.

पंचांसमक्ष मोळ्या सोडल्या. म्हातारे इंजिनिअर एका बाजूला, ती तोडकरी बाई दुसऱ्या बाजूला, मधे मी आणि हवालदार. एकेक ऊस उचलायचा आणि तिच्यापुढं धरायचा. बुडाकडचा घाव दाखवून ती म्हणायची, "ह्यो कोयत्याचा." मधला चिंबलेला भाग दाखवला की म्हणायची, "ह्यो मोडलाय." एका ठिकाणी इंजिनिअरांनी तिरपा घाव दाखवला तर ती उसळली. "ह्यो बी माझाच! लोळल्याला ऊस सरळ तुटतोय व्हय?" आणि कोयता घेऊन तिनं तसाच घाव घालून दाखवला. दोन्ही घाव शेजारी धरले. इंजिनिअरांनी मान डोलावली. मी पंचनाम्यात लिहिलं. तिचा अंगठा घेतला.

सगळ्या मोळ्या झाल्या. पंख्यानं कापलेलं एकही कांडं नाही. उजवा पंखासुद्धा बंद होता.

मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. वहीसुद्धा उघडली नाही. पोराला एवढंच सांगितलं, "उजव्या बाजूचा ऊस कापलेला नाही." त्याला विमानातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो रडायला लागला.

"उजव्या इंजिनाच्या मीटरचा काटा खाली येताना मी बघितला होता, मॅडम. पण सर म्हणाले, डावं गेलं. त्यांचा हात डाव्यावर गेलासुद्धा. माझ्या दुप्पट अनुभवाचा माणूस. मी पण म्हणालो, हो सर, डावं."

बिघडलं होतं उजवं. बंद केलं चांगलं असलेलं डावं. आठ दिवस कॅप्टनच्या डोक्यात डाव्याचीच थरथर होती. कसोटीच्या क्षणी हात तिकडंच गेला. पुढं सगळं संपायला मिनिटही लागलं नाही.

पुरावा नाही, आरोपीला सोडा, असा कलम १६९ चा अहवाल मी कोर्टात दिला. पण कागद हलायला वेळ लागला आणि तोवर मेकॅनिक सबजेलमध्ये होता. भाचीची पाचपरतावणं मामाविना झाली. काही महिन्यांनी दोन्ही इंजिनांचा अहवाल आला. डाव्यात दोष नाही. उजव्यात आतलं एक बेअरिंग गेलेलं. उजव्याचं काम कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळं मेकॅनिकवर ठपका नाही. कॅप्टनचे वडील ठाण्यात मुलाचं घड्याळ न्यायला आले होते. 'वैमानिकाची चूक' हे शब्द त्यांनी माझ्या टेबलावरच्या कागदात वाचले, घड्याळाच्या पावतीवर सही केली, घड्याळ खिशात घातलं आणि नमस्कार करून गेले. असा नमस्कार मला नोकरीत पुन्हा कुणी केला नाही. करूही नये.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक व्याख्यानांना बोलावून विचारतात. मी सांगते, कॅप्टननी जे केलं तेच मी केलं. माझा हात आधीच डाव्यावर होता. खबर डाव्याची, रजिस्टर डाव्याचं, जबाब डाव्याचा. माझ्या शेजारीही एक जण बसला होता ज्याला काटा दिसत होता, आणि त्यालाही मी 'व्हय की' म्हणायला लावलं. कॅप्टन बिचारा त्यात मेला. मला बढती मिळाली. त्या दिवसापासून ठाण्यात एक पद्धत पाडली. अटकेआधी सगळ्यात जुन्या हवालदाराला विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि तो 'व्हय की' म्हणाला तर अटक पुढं ढकलायची.

इथंच थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण एक राहिलं.

निवृत्तीनंतर मी कसबा बावड्याला राहायला आले. मागच्या उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली. शेजाऱ्यांनी सांगितलं, उद्यमनगरात एक म्हातारा आहे, मोटरीला नुसता कान लावून दुखणं सांगतो. मी रिक्षात मोटर घालून गेले. शेडमध्ये तो पाठमोरा बसला होता. वळला आणि मी ओळखलं. त्यानंही ओळखलं. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. विमानांकडं तो परत गेलाच नव्हता. सुटल्यापासून पंप, मोटरी, ऑइल इंजिनं.

मला वाटलं, माझ्यामुळंच. डाव्या इंजिनात दोष नव्हता हे मी कोर्टाला लेखी कळवलं होतं, पण त्याला तोंडानं कधी म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले. मांडवातून नेलं त्याबद्दल, त्या एका थपडेबद्दल, केसांतल्या तांदळांबद्दल माफी मागितली. "तुम्ही तीन दिवस खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही," असं म्हणाले.

त्यानं फडक्यानं हात पुसले, एकेक बोट. माझ्या मोटरीकडं बघत तो म्हणाला, "मॅडम, उजव्याचा आवाज मला आदल्या दिवशीच खटकलता. कागदावर डावं लिवलंतं, भाचीची हळद हुती, म्हणून मी डावंच उघडलं आनि गेलो. तुमी तीन दिवस मला डाव्याचंच इचारत बसला. एकदा, नुसतं एकदा उजव्याचं इचारला आसता, तर मी तितंच सांगून मोकळा झालो आसतो की."